चार जणांनी चार भाव सांगितले, मग माझ्या गाडीची खरी किंमत कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे. पासिंग मार्च २०१८ चं, एमएच ०९, पहिलेच मालक, रनिंग ६२ हजार किलोमीटर. विम्याच्या कागदावर ३ लाख ९० हजार लिहिलंय. मोबाइलवर माहिती भरली तर ४ लाख ८५ हजार दाखवलं. एका एजंटाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि ४ लाख रोख सांगितले. पुण्यातले मेहुणे म्हणतात, सव्वापाचच्या खाली सोडू नका. त्या गृहस्थांनी विचारलंय, "यातला खरा आकडा कोणता, आणि मला फसवतंय कोण?"

मी कोल्हापुरात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. त्याआधी उद्यमनगरात गॅरेजवर काम केलं, त्यामुळे गाडी समोर आली की आधी बॉनेट उघडायची सवय अजून आहे. धंद्याने मी त्या एजंटाच्या बाजूचा माणूस आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्हाला बहुतेक कोणीच फसवत नाहीये. हे चारही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि तुम्ही ती एकाच प्रश्नाची समजून शेजारी मांडलीत, म्हणून गोंधळ झालाय. एक एक करून बघू.

विम्यावरचा आकडा म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, एवढंच तो सांगतो. तो ठरवायचा ठोकताळा ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनला ३०, चारला ४० आणि पाचला ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र हा तक्ता संपतो आणि आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. तुमची गाडी त्या पलीकडची आहे. हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही खाली धरायची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे ३ लाख ९० हजार हा बाजारभाव नाही. त्याच कारणाने, कोणी जास्त आयडीव्ही दाखवून "बघा, कंपनीच एवढी किंमत धरते" असं म्हणायला लागलं तर त्यालाही अर्थ नाही.

मोबाइलवरचा आकडा तुम्ही भरलेल्या माहितीवर येतो. मॉडेल, साल, रनिंग, शहर. गाडी कोणी बघितलेली नसते. नंतर त्यांचा माणूस घरी येऊन तासभर तपासणी करतो आणि मग जी बोली येते ती खरी बोली. पहिला आकडा म्हणजे फोन उचलायचं आमंत्रण, तेवढंच त्याचं वजन.

मेहुण्यांचा सव्वापाच हा जाहिरातीतला भाव. जाहिरातीत माणूस मागतो, त्याला मिळतंच असं नाही. आणि दीड-दोन महिने लटकलेली जाहिरात तर उलटाच पुरावा असते, की त्या भावाला गिऱ्हाईक नाही. पुण्याचा भाव कोल्हापूरला तसाच लावता येत नाही, हेही आहेच. तिथे गिऱ्हाईक जास्त, तशा गाड्याही जास्त.

राहिला एजंट. त्याचे ४ लाख ही तुमच्याकडची एकमेव अशी बोली आहे की जिच्यामागे पैसे घेऊन उभा असलेला माणूस आहे. ती कमी आहे असं मलाही वाटतं, पण ती कशी बनते ते समजून घ्या. तुमची गाडी घेतल्यावर तो ती धुवून-पुसून, थोडं काम करून विकणार. ती किती दिवस दारात उभी राहील ते त्याला माहीत नसतं, आणि तेवढे दिवस पैसे अडकतात. ट्रान्सफरचा खर्च. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के कर. विकल्यावर महिन्याभरात गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर तेही त्यालाच निस्तरायचं. हे सगळं वजा करून वर त्याचा नफा. म्हणून "तुम्ही एवढे कमी का देताय" असं विचारण्यापेक्षा "तुम्ही कशाकशाचे पैसे धरलेत" असं विचारा. नीट धंदा करणारा माणूस सांगतो: टायरचे एवढे, क्लचचे एवढे, उजव्या दाराचे एवढे. ज्याला सांगता येत नाही त्याने भाव अंदाजपंचे मारलेला असतो.

माझ्या धंद्यात भाव असाच उलट्या बाजूने मोजला जातो. सुरुवात जुन्या गाडीपासून होत नाही, नव्या गाडीपासून होते. गिऱ्हाईक मनात नेहमी तोलत असतं की आणखी थोडे घातले तर नवी येईल का. त्यामुळे नव्या गाडीचे दर खाली आले की जुनीचा भावही पाठोपाठ उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा सेसही गेला. १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन आणि चार मीटरच्या आतली लांबी, म्हणजे स्विफ्ट त्यात बरोबर बसते. तुमच्या मेहुण्यांच्या डोक्यात कदाचित त्याआधीचा भाव असेल. शोरूममध्ये जाऊन आजच्या व्हीएक्सआयचं ऑन-रोड कोटेशन घेऊन या. नव्या गाडीवर आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, तो कोटेशनमध्ये दिसेल. तुमच्या गाडीचा टॅक्स भरलेला आहे, पण तो तुम्हाला वेगळा परत मिळत नाही, भावात मुरलेला असतो.

त्यानंतर पुढच्या मालकाला पहिल्या वर्षात काय काय खर्च करावा लागेल ते मोजायचं. इथेच खरा फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरपासून सुरू करा. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. तुमचे टायर १८ वर संपत असतील तर ते गाडीबरोबरच आलेले आहेत. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, आणि जाणकार गिऱ्हाईक चार टायरचे अठरा-वीस हजार मनातल्या मनात वजा करूनच बोलतं. स्टेपनीचे आकडेही बघा. त्यानंतर क्लच: गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर रेस वाढूनही ओढत नसेल तर आठ-दहा हजार. बॅटरीवरची तारीख. खड्ड्यात पुढून खटखट येते का. एसी पाच मिनिटांत गार करतो का. यातलं प्रत्येक काम तुम्ही करून घ्यावं असं मी म्हणत नाही, कारण केलेला खर्च पूर्ण परत येत नाही. पण यादी तुमच्या हातात असली की समोरच्याने "पन्नास हजारांचं काम आहे" म्हटल्यावर तुम्ही गप्प बसणार नाही.

पेंटबद्दल लोक उलटं करतात. विकायच्या आधी ओरखडा दिसतो म्हणून अख्खं दार रंगवून आणतात. ताजा पेंट बघितला की गिऱ्हाइकाच्या मनात पहिला विचार येतो तो अपघाताचा. मग तो फेंडरचे, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट बघतो, पाना लागल्याची खूण शोधतो, दाराच्या फटीतलं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघतो. ओरखडा असलेला ओरिजिनल पत्रा रंगवलेल्या गुळगुळीत दारापेक्षा जास्त भाव आणतो, हे मी खात्रीने सांगतो. बंपर रंगवलेला असेल तर कोणी मनावर घेत नाही, तो प्लास्टिकचा आहे आणि शहरात घासतोच. पिलर (छत पेलणारे खांब), छत आणि पुढचा एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) यांना हात लागलेला असेल तर मात्र भाव चांगलाच खाली येतो.

तुमच्या ६२ हजारांवर शंका येणार, तयारी ठेवा. वर्षाला आठ हजारांच्या आसपास रनिंग म्हणजे गाडी शहरातल्या शहरात फिरलेली. खरं असेल तर उत्तमच, पण मीटर फिरवलेल्या गाड्याही असंच रनिंग दाखवतात. तुमच्याकडे सर्व्हिसिंगच्या पावत्या असतील, प्रत्येकीवर तारीख आणि किलोमीटर असेल, तर त्या फाइलला माझ्या लेखी पंधरा-वीस हजारांची किंमत आहे. पावत्या हरवल्या असतील तर जिथे सर्व्हिसिंग केलंय त्या अधिकृत सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन नोंदी मागा.

आता आपल्या गावाचा खास विषय. एमएच ०९ नंबर बघितला की बाहेरचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "गाडी पाण्यात होती काय?" ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत शाहूपुरी, रमणमळा, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर परिसरात पाणी होतं, शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला होता. तुमची गाडी या दोन्ही पुरांच्या आधीची आहे. तुम्ही उंचावर राहत असाल, गाडीला थेंबही लागला नसेल, पण साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या माणसाला रंकाळा कुठे आणि रमणमळा कुठे हे माहीत नसतं. त्याला फक्त कोल्हापूर दिसतं आणि तो भीतीपोटी भाव पाडतो.

यावर उपाय म्हणजे त्याने विचारायच्या आधी आपण दाखवायचं. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात बेल्टचा तो शेवटचा भाग कधी बाहेर येत नाही, त्यामुळे धुणारेही तो विसरतात. पाण्यात राहिलेल्या गाडीत तिथे गाळाची पिवळट आडवी रेघ सापडते, बोटाला बारीक माती लागते. मग सीट पुढे सरकवून तिच्या पट्टीचे बोल्ट बघा, एकसारखा तांबूस गंज आहे का. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा. कार्पेटची कड उचलून खालचा फोम हाताने दाबा आणि वास घ्या. फ्यूज बॉक्सच्या कनेक्टरवर हिरवट थर. हे सगळं स्वच्छ निघालं तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा आणि जाहिरातीतच टाका. त्याबरोबर २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या. माझ्याकडच्या गाड्यांना मी हेच करतो, आणि बाहेरगावच्या फोनवरचा निम्मा संशय तिथेच संपतो.

गाडी पाण्यात गेली असेल तर सरळ सांगा, आणि पाणी कुठवर आलं होतं तेही सांगा. फक्त पायाखालचं कार्पेट भिजलेली गाडी आणि डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट मधल्या कन्सोलखाली, अगदी खालच्या पातळीवर असतं. ते बुडालेलं असेल आणि पुढच्या मालकाच्या अपघातात एअरबॅग उघडली नाही तर काय होईल, याचा विचार करा. विम्याचा क्लेम घेतला असेल तर त्याची नोंद कंपनीकडे असतेच, त्यामुळे लपवून काही साधतही नाही.

कागदांचं आता पटापट सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटलं असलं तरी तो आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत उतरवून घ्या. ई-चलनं तपासून भरून टाका. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, एवढाच खर्च आहे, पण ती नसेल तर ट्रान्सफर अडतं आणि समोरचा हजाराच्या कामाचे पाच हजार कापतो. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. गाडी विकल्यावर कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. हे पैसे सौद्यात दिसत नाहीत, पण तुमचेच आहेत.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. पासिंग मार्च २०१८ चं आहे, पण गाडी बनली कधी? आरसीवर उत्पादनाचा महिना-साल असतं. तिसऱ्या पिढीची स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये बाजारात आली. त्याच सुमारास शोरूममध्ये उरलेल्या जुन्या आकाराच्या गाड्याही विकल्या गेल्या. तुमची मागच्या दाराची कडी खिडकीच्या कोपऱ्यात, काळ्या भागात असेल तर नवा आकार, नेहमीच्या जागी असेल तर जुना. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं इंजिन आहे, आणि चार सिलिंडरच्या गुळगुळीत इंजिनसाठी मुद्दाम जुनी शोधणारी माणसं माझ्याकडे येतात. ती बहुधा २०१८ नंतरचा आकारच मागतात. गाडी २०१७ मध्ये बनलेली निघाली तर गिऱ्हाईक ती २०१७ चीच धरणार, पासिंग काहीही असो.

भाव ठरवताना कधी विकताय हेही बघावं लागतं. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तसंच आहे, माल तोच असला तरी त्या दिवशी समोर कोण उभं आहे यावर बोली चढते-उतरते. पितृपंधरवड्यात आमच्याकडे शुकशुकाट असतो. दसरा-दिवाळीत लोक नवी घेतात आणि जुन्या एक्स्चेंजला देतात, म्हणून दिवाळीनंतर बाजारात जुन्या गाड्यांची आवक वाढते. कारखाने सुरू होऊन उसाची पहिली बिलं जमा व्हायला लागली की कागल, राधानगरी, शिरोळकडचं गिऱ्हाईक येतं, तेव्हा पांढऱ्या रंगाच्या, कागद चोख असलेल्या गाड्या लवकर उठतात. फक्त जानेवारी उजाडला की गाडी एका वर्षाने जुनी म्हणून मोजली जाते, ते ध्यानात ठेवा.

निपाणी-चिकोडीकडून फोन आला तर भाव थोडा कमी येईल, त्याचंही कारण आहे. राज्य बदललं की आपल्या आरटीओची एनओसी लागते, तिकडचा टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो खर्च तिकडचं गिऱ्हाईक तुमच्याच किमतीतून काढणार. स्थानिक गिऱ्हाईक असेल तर ही वजाबाकी नाही.

काही गोष्टींचे पैसे मिळत नाहीत, त्यांचा हट्ट धरू नका. चॉईस नंबरला तुम्ही दिलेले पैसे, नवी म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील, सीट कव्हर. आपल्याकडे नंबरची हौस मोठी आहे, पण तुमचा लाडका नंबर पुढच्याला लाडका असेलच असं नाही.

इथवरचं एकत्र करतो. नव्या गाडीचं कोटेशन आणा, पुढच्या मालकाचा पहिल्या वर्षाचा खर्च मोजा, पूर आणि रनिंग यांचे पुरावे जमवा, कागद मोकळे करा. त्यानंतर एकाच आठवड्यात तीन-चार ठिकाणी गाडी प्रत्यक्ष दाखवा: एक-दोन स्थानिक एजंट, एखादी ऑनलाइन कंपनी जिचा माणूस येऊन तपासतो, आणि एखाद्या शोरूमचा एक्स्चेंज विभाग. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका. प्रत्येकाला एकच विचारा: आज गाडी दिली तर माझ्या खात्यात किती येतील आणि ट्रान्सफर कोणाच्या खर्चाने? एक्स्चेंजमध्ये बोनस धरून आकडा फुगलेला असतो, तेव्हा एक्स्चेंज न करता नव्या गाडीवर किती सूट मिळते ते वेगळं विचारा आणि फरक काढा.

गाडी न बघता आकडा सांगणं मला आवडत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. नवा आकार, २०१८ चंच उत्पादन, पत्रा ओरिजिनल, पुराचा डाग नाही, टायर बदललेले आणि पावत्या पूर्ण असतील, तर एजंटाकडून ४ लाख १० ते ३० हजार आणि थेट वापरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून ४ लाख ४५ ते ७० हजार मला रास्त वाटतात. जुना आकार निघाला किंवा टायर मूळचेच असले तर एजंटाचे ४ लाख अजिबात वाईट नाहीत. एजंट आणि थेट गिऱ्हाईक यांतला तीस-चाळीस हजारांचा फरक म्हणजे तुमच्या रविवारांचं, फोनचं आणि ट्रायलचं मोल. वेळ असेल तर ते तुम्ही कमवा, घाई असेल तर एजंटाला द्या.

फक्त पाच-दहा हजार जास्त मिळतात म्हणून ट्रान्सफरची टाळाटाळ करणाऱ्याला गाडी देऊ नका. "कागद नंतर बघू, सही करून ठेवा" म्हणणाऱ्याला तर नाहीच. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताची नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे, आणि अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. अधिकारपत्र दाखवायला सांगा. थेट गिऱ्हाइकाला विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून स्वतः पाठपुरावा करा, विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि चारही टायरचे आकडे इथेच लिहा, म्हणजे आकडा आणखी नेमका करून सांगतो.